हाकारीची नवी हाक

३ जानेवारी

सहावा भाग करायचा ठरलं. आज सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावून सरकारांनी तसं जाहीर केलं. (सरकार म्हणजे आमचे दिग्दर्शक. एवढ्याशा ऑफिसात इतक्या थाटात वावरतात की दुसरं नाव त्यांना शोभलंच नसतं.) नवं जग, नवा नायक, नवी शस्त्रं, नवे राक्षस. "जुनं काही म्हणजे काही ठेवायचं नाही," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून, "हाकारी सोडून."

मी उगाच पाण्याची बाटली तोंडाला लावली. या वयात भर मीटिंगमध्ये आनंदाने चेहरा फुललेला बरा दिसत नाही.

आमच्या गेमच्या दर भागात सगळं बदलतं. पहिल्यात वाळवंट होतं, दुसऱ्यात बुडालेलं शहर, चौथ्यात तर जमीनच नव्हती, नुसती तरंगती बेटं. राजे, जादू, भांडणं, सगळं दर वेळी नव्याने. फक्त एक पक्षीण पहिल्यापासून आहे, हाकारी. गच्ची झाकली जाईल एवढे पंख, रंग तांब्याच्या भांड्याचा, मान नको इतकी लांब, आणि तोरा असा की लढाई पेटली तरी बाई इकडची काडी तिकडे करत नाही. खेळणारा वाट चुकून भलतीकडे गेला की लांबून तिची हाक ऐकू येते. हाकेच्या रोखाने चालत राहिलं की वस्ती लागते. एवढंच तिचं काम. पण लोकांचा जीव आहे तिच्यावर. पाचव्या भागात ती उशिरा आली म्हणून आम्हाला केवढ्या शिव्या पडल्या होत्या.

खरं कारण अगदीच साधं आहे. पहिल्या भागाच्या वेळी गेममध्ये नकाशा ठेवायला जागाच उरली नव्हती. हरवलेल्या माणसाला वाट दाखवायची कशी यावर डोकेफोड चालली होती, तेव्हा मी म्हटलं, हाक मारू या. माझे बाबा तसंच करायचे.

चित्र ज्याने काढलं तो केव्हाच सोडून गेला. पण तिचं चालणं, उडणं, मान वळवणं पहिल्यापासून मीच करते. आणि हाक बाबांची.

९ जानेवारी

कानसेन मला त्याच्या खोलीत घेऊन गेला. हा आमचा आवाजवाला. पहिल्या भागात होतो त्यांच्यापैकी आता तो आणि मी, दोघंच उरलोय. नव्या स्पीकरवर त्याने जुनी हाक लावली आणि माझा चेहरा पडला. जुन्या सुती साडीसारखी विरलीय. जरा ताणली की फाटते.

"नवी लागेल," तो म्हणाला. "बाबा आहेत ना अजून? म्हणजे, तब्येतीने?"

"माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत," मी म्हटलं.

ती जुनी हाक आम्ही आमच्या गच्चीवर भरली होती, त्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या टेपवर. बाबा जमीन मोजणीच्या खात्यात होते. खुणेची काठी धरून एक माणूस पार लांब उभा असायचा, त्याला परत बोलवायची ही हाक. छातीतून निघायची, मध्ये एकदा फाटायची आणि शेवटाला वर चढायची. शब्द कसलाच नाही. संध्याकाळी मला खेळातून बोलवायलाही तीच. बाकीच्या मुलांना नावाने हाका यायच्या, मला ही. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे खेळत असले तरी ऐकू यायची. मैत्रिणी म्हणायच्या, ठके, तुझा बाप ओरडला, पळ. लाजेने मेल्यासारखं व्हायचं, आणि धूम ठोकायचे मी घरी.

तर गच्चीवर बाबांनी पूर्ण जोर लावून हाक मारली, आणि मागे उभ्या असलेल्या आईला हसू फुटलं. दुसऱ्यांदा मारायला सांगितली तर बाबांनाच हसू आवरेना. शेवटी पहिलीच घेतली. आईचं हसू त्यातून निघता निघेना. गेम बाहेर पडला आणि लोकांनी लिहायला सुरुवात केली की हाकारीच्या हाकेमागे एक बारीकसा आवाज आहे, ते तिचं पिल्लू आहे, ते उत्तर देतंय. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दुसऱ्या भागात मला मुकाट्याने पिल्लू करावं लागलं. तेव्हापासून ते दर भागात आहे. आई सगळ्यांना सांगायची, बाप ओरडतो तो पक्षी, आणि मी हसते ते पोर.

आई तिसऱ्या भागाच्या वेळी गेली.

१० जानेवारी

बाबांना विचारलं. "कसली हाक?" म्हणाले, आणि पेपर उलटा करून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला लागले.

भाव खातायत. खाऊ देत. एवढी जगभर गाजलेली हाक, फुकटात थोडीच मिळणार!

१८ जानेवारी

आज स्टुडिओत नेलं होतं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस पाणी लावून बसवले. कानसेन दारापर्यंत आला होता, पाया पडला. मग काचेच्या खोलीत बाबा, बाहेर आम्ही.

कानसेनने खूण केली. बाबांनी माइकपाशी तोंड नेलं आणि म्हणाले, "ऐकू येतंय का?" आम्ही मान डोलावली. मग त्यांनी घसा साफ केला आणि छोटंसं भाषण केलं. इतक्या अगत्याने बोलावलंत, सगळी मंडळी भेटली, आनंद वाटला, असाच लोभ असू द्यावा. आणि हेडफोन काढून बाहेर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरकारांनासुद्धा हसू आवरेना.

लिफ्टमध्ये बाबा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "समारंभ छान झाला. पण नवरदेव कुठे दिसला नाही."

मी हसून हसून बेजार. बाबांची ही जुनी खोड आहे, तोंड गंभीर ठेवून समोरच्याची फिरकी घ्यायची. परत वर जाऊन कानसेनला सांगितलं. तो हसला, पण मनापासून नाही. दिवस वाया गेला म्हणून वैतागला असेल.

२ फेब्रुवारी

बाबा फिरायला गेले ते दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. शेवटी मागच्या गल्लीतला औषधवाला त्यांना हाताला धरून घेऊन आला.

"ओळख निघाली आमची," बाबा म्हणाले. "गप्पांत वेळ कळला नाही."

औषधवाल्याने माझ्याकडे बघून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग "येतो ताई" म्हणून गेला. बाबा पहिल्यापासून असेच. रस्त्यातल्या दिव्याच्या खांबाशीही ओळख काढतील.

दादाला फोनवर हे गमतीने सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, डॉक्टरांना दाखव त्यांना. परवा माझ्याशी बोलताना जेवलास का म्हणून सारखं तेच विचारत होते."

"त्याला माया म्हणतात," मी म्हटलं. "तुला परदेशात बसून त्याचा विसर पडला असेल."

त्याने विषय बदलला. मला बरं वाटलं. वर्षातून एकदा यायचं आणि तिथून हुकूम सोडायचे! माझ्या डोळ्यांसमोर असतात बाबा दिवसरात्र. काही असतं तर मला दिसलं नसतं?

११ फेब्रुवारी

आज सुट्टी होती. म्हटलं, जुनी हाक ऐकवली तर बाबांना चेव येईल. लॅपटॉपवर लावली.

बाबा नीट ऐकत होते. हाक संपली आणि मागचं आईचं हसू आलं. त्यांनी चटकन मान वर केली. स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "चहाचं बघ म्हणावं तिला. किती हसते."

मला वाटलं, थट्टा. मी हसले. ते हसले नाहीत. पुन्हा म्हणाले, "अगं, सांग ना तिला."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकला. ओट्यापाशी उभी राहिले आणि मला कळेना की कप घेऊन बाहेर गेल्यावर काय सांगायचं. मग नुसताच चहा नेऊन दिला. त्यांनी घोट घेतला आणि मान डोलावून म्हणाले, "तिच्याच हातचा आहे."

दादाला मेसेज केला, डॉक्टरांची वेळ घेतेय. त्याने लगेच फोन केला. मी उचलला नाही.

२० फेब्रुवारी

डॉक्टर चांगल्या होत्या. घाई केली नाही. बाबांनी मोजणीत होतो असं सांगितल्यावर त्यांनी कागद पुढे केला, म्हणाल्या, घराचा आराखडा काढून दाखवता का? बाबांच्या हातात पेन्सिल आली आणि ते ताठ बसले. रेघा अशा सरळ की पट्टीची गरज नाही. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खोल्या, खिडक्या, पायऱ्या, मागचं न्हाणीघर. मला अभिमानाने भरून आलं. मग लक्षात आलं की हे आमचं घर नाही. मी लहान असताना राहत होतो ते आहे.

"मुलगी कुठे झोपते?" डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी बोट ठेवलं. बरोबर तिथेच माझी गादी असायची.

"आणि आज तुमच्याबरोबर कोण आलंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. अदबीने, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. "या ऑफिसातल्या बाई आहेत," म्हणाले. "फार मदत करतात."

मी हसले. खोलीत दुसरं कोणी हसलं नाही. माझं हसू किती वेळ चालू होतं कोण जाणे, डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा थांबलं.

२१ फेब्रुवारी

सकाळी बाबा नेहमीसारखे. "ठके, माझा चष्मा कुठे ठेवलास?" मी चष्मा दिला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. एवढ्या साध्या वाक्याला.

७ मार्च

दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्यात. तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो, पण बाबांना नीट जेवू घालतात आणि त्यांचं तेच तेच ऐकून घेतात. बाबा त्यांना 'सरपंच' म्हणतात. का ते दोघांनाही माहीत नाही, पण मावशी ओ देतात.

ऑफिसात हाकेवरून घोडं अडलंय. कानसेनने आज एक कलाकार आणला होता, नाटकात आवाज देणारा. जुनी हाक एकदा ऐकली आणि त्याने जशीच्या तशी काढली. छाती, मधली फाट, शेवटचा चढ. खरं लिहायचं तर बाबांपेक्षा सरस होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, नाही.

"नाही म्हणजे काय?" सरकार म्हणाले. "कारण तरी सांगा."

मी म्हटलं, लोकांना फरक कळेल. कोणालाही कळणार नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. सरकारांनी कपाळाला हात लावला. महिनाअखेरपर्यंत बाबांची हाक आणा, नाहीतर हीच जाईल, असं म्हणून विषय संपवला. बाहेर आल्यावर कानसेन म्हणाला, "तू काय मागतेयस हे तुला तरी कळतंय का?"

कळतंय. तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. गेमचं काय व्हायचं ते होवो. ती हाक बाबांनी माझ्यासाठी मारायची, मला परत बोलवायला. त्या हाकेत मी कोण आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं. ते जाईल त्याआधी एकदा, फक्त एकदा, मला ती पुन्हा ऐकायचीय. मग खुशाल त्या नाटकवाल्याची घाला.

१५ मार्च

मावशी निघताना दारात घुटमळल्या. म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? संध्याकाळ झाली की बाबांच्या जिवाची फार घालमेल होते. काही केल्या घरात बसत नाहीत. बाल्कनीत जाऊन उभे राहतात."

"डॉक्टर म्हणाल्या होत्या तसं," मी म्हटलं. "होतं असं या आजारात."

"उभे राहतात त्याचं काही नाही हो. ओरडतात."

"काय ओरडतात?"

"आता काय सांगू! शब्द नाही काही. लांबलचक. समोरच्या बिल्डिंगीतली मुलं खेळ थांबवून बघतात. मी म्हणते, बाबा, घसा बसेल. तर मलाच गप्प करतात."

मी त्यांचा हात धरला. "कधीपासून?"

"मी आल्यापासून रोजच. म्हटलं तुम्ही आधीच दमून येता, कशाला डोक्याला ताप."

म्हणजे रोज. मी तिकडे ऑफिसात हाकारीची मान कुठल्या बाजूला वळवू म्हणून डोकं खाजवत बसते तेव्हा, रोज.

१६ मार्च

कानसेनकडून रेकॉर्डर घेतला आणि दुपारीच घरी आले. रेकॉर्डर बाल्कनीतल्या कुंडीच्या मागे ठेवला.

ऊन कलायला लागल्यावर बाबा खुर्चीतून उठले. बसले. पुन्हा उठले. बाल्कनीत गेले, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खालच्या पार्किंगच्या पलीकडे कुठेतरी बघायला लागले. मी जाऊन शेजारी उभी राहिले. मावशी दारात.

आणि त्यांनी हाक मारली.

तीच. आवाज म्हातारा झालाय, मधली फाट मोठी झालीय, वर चढताना धाप लागते. पण तीच. माझे पाय आपोआप निघाले, खरंच, मी एक पाऊल पुढे टाकलं. किती वर्षांनी!

"बाबा," मी म्हटलं. "आले मी."

त्यांनी मला हाताने हलकेच बाजूला केलं. "जरा सरकता का? पलीकडचं दिसत नाही."

पुन्हा हाक.

"बाबा, मी आलेय. ही काय, इथे आहे."

"हो, बसा तुम्ही आत," ते म्हणाले. चिडून नाही, कामात असलेल्या माणसासारखे. "आमची मुलगी अजून आली नाही. अंधार पडेल आता."

"केवढी आहे?" हे मी का विचारलं माहीत नाही.

त्यांनी कमरेपाशी हात धरून दाखवलं. "एवढी. टाकीकडे जाते खेळायला. एका हाकेत येते हो, कधी दुसरी मारावी लागत नाही. आज काय झालंय कळत नाही."

मग हाकांवर हाका. आवाज बसला, खोकला आला, तरी थांबेनात. दर हाकेला मी म्हणत होते, आले बाबा, मी आले, आणि ते माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. शेवटी मावशींनी त्यांना खांद्याला धरून आत नेलं. म्हणाल्या, चला, आली ती, मागच्या दाराने आली, हातपाय धुतेय. तेव्हा कुठे बसले. लगेच चेहरा निवळला. किती सहज म्हणाल्या मावशी! रोजचं असेल त्यांचं.

मी कुंडीमागून रेकॉर्डर काढला. सगळं नीट भरलं होतं.

२२ मार्च

कानसेनने शेवटपर्यंत ऐकलं आणि हेडफोन गळ्यात टाकला. मग म्हणाला, "वापरायची का खरंच? तू नको म्हणालीस तर मी सरकारांना सांगतो की रेकॉर्डिंग बिघडलं."

मी म्हटलं, वापर. निदान कुठेतरी राहील.

"तुझा आवाज आहे सगळीकडे. प्रत्येक हाकेच्या मागे. आले, आले."

"मग? आईचं हसूही होतंच की. ते कुठे निघालं?"

"तेव्हा नव्हतं निघत," तो म्हणाला. "आता सगळं निघतं."

त्याने पडद्यावर काहीतरी निवडलं, एक बटण दाबलं आणि पुन्हा लावली. बाबांची हाक, स्वच्छ, एकटी. मागे काही नाही. मी चहा प्यायला उठले असते तेवढ्या वेळात मी त्या हाकेतून पुसले गेले होते.

सरकारांनी ऐकली. डोळे मिटून ऐकली, आणि त्यांच्यासारखा माणूस, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "अंगावर काटा आला," म्हणाले. मग जाता जाता, "पण मागे उत्तर नाही यात. मग या भागात पिल्लू कशाला? काढून टाकू. एकटीच असू दे."

मी बरं म्हटलं. पिल्लाचं अर्धं काम झालं होतं.

९ एप्रिल

हाकारी झाली. नव्या हाकेला जुनी ऐट शोभेना, म्हणून सगळं पुन्हा केलं. आता ती कड्याच्या टोकावर दोन्ही पाय रोवून उभी राहते, मान पुढे काढते, हाक मारते आणि थांबते. मग थोडं सरकून पुन्हा. खेळणारा जवळ आला तरी ती त्याच्याकडे बघत नाही, त्याच्या मागे बघते. सगळ्यांना फार आवडली. एक जण म्हणाला, हे सुचतं कसं तुम्हाला?

घरी बाबा आता मला बहुतेक वेळा 'बाई' म्हणतात. क्वचित सकाळी 'ठके'. मी सकाळी ऑफिसला उशिरा जायला लागलेय, त्या आशेवर.

३० एप्रिल

आज मावशींची सुट्टी. गेमचा पहिला कच्चा नमुना तयार झालाय, तो मी लॅपटॉपवर घरी आणला होता. आपणच खेळून बघावं म्हणून बाबांच्या शेजारी बसून लावला. मी मुद्दाम वाट सोडून रानात शिरले, हाकारी ऐकू यावी म्हणून.

हाक आली. बाबा सावरून बसले. पुन्हा आली. त्यांची चुळबुळ सुरू झाली.

"कोण आहे हा?" म्हणाले.

"पक्षी आहे, बाबा. तांब्याचा. तुम्हाला दाखवते थांबा."

"पक्षी कसला! माणूस आहे. मुलीला बोलावतोय." त्यांनी माझ्या दंडाला धरलं. "किती वेळचा ओरडतोय बिचारा. कोणी जात का नाही? घसा फाटेल त्याचा."

मी घाईघाईने आवाज बंद केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा हात चोळत राहिले. खिडकीबाहेर संध्याकाळ झाली होती.

"तुम्हाला वडील आहेत?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मग इथे काय बसलात? जा की घरी. काळजी करत असतील ते."

"जाते," मी म्हटलं.

"लगेच जा. तुम्हा मुलांना कळत नाही, बापाच्या जिवाला किती लागतं ते."

मग मी उठले. चप्पल घातली, बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. जिन्यात उभी राहिले. वरच्या मजल्यावर कोणीतरी भांडी घासत होतं. मी ओढणीने तोंड पुसलं, केस नीट केले आणि बेल वाजवली. वाटलं, बाहेरून आले तर कदाचित.

पावलं वाजली. कडी काढायला त्यांना वेळ लागला. दार उघडलं.

"कोण हवंय?" बाबांनी विचारलं.

"बाबा," मी म्हटलं.

"ते नाहीत हो घरात. मुलीला शोधायला गेलेत." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "या, आत या. ती सापडली की येतील."

मी आत जाऊन बसले. त्यांनी मला पेलाभर पाणी आणून दिलं, समोरच्या खुर्चीवर बसले, आणि आम्ही दोघं बाबांची वाट बघत राहिलो.